शाळेचा तंबोरा

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासपीठाच्या उजव्या कडेला, समईच्या आचेपासून मुद्दाम थोडा दूर, एक तंबोरा ठेवलेला आहे. सकाळी सभागृहात शिरताच काही ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांनी तो ओळखला आणि ‘हा तोच का?’ असे विचारले. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘अर्धा तोच’ असे आहे. दांडी जुनी, खुंट्या जुन्या, दांडीवरची पांढरी नक्षीही जुनीच. भोपळा, गळा, तबली आणि घोडी मात्र गेल्या वर्षातली. जुन्याला नवे कसे जोडले गेले, त्यात काय बिघडले आणि शेवटी ते कसे जुळून आले, एवढाच आजचा विषय आहे. शाळेच्या साठ वर्षांचा आढावा अध्यक्षीय भाषणात येईलच.

शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत हा तंबोरा दुसऱ्याच वर्षी नोंदलेला दिसतो. ‘तंबोरा, मिरज, गवसणीसह, नग 1’ अशी टाकाने लिहिलेली नोंद आणि किमतीच्या रकान्यात आज हसू यावे अशी रक्कम. महाराष्ट्रापासून दूरच्या या शहरात मराठी शाळा काढणाऱ्या मंडळींनी बाकांच्या आणि फळ्यांच्या पाठोपाठ तंबोरा मागवला, यात त्या पिढीला काही विशेष वाटले नसावे. घर लावताना पाटा-वरवंटा आणतात तसा तो आला. रेल्वेच्या डब्यात तो कुणाच्या मांडीवर डोके टेकून आला, याच्या कथा मात्र तीन निरनिराळ्या घराण्यांत सांगितल्या जातात आणि प्रत्येक घराण्यात मांडी वेगळी आहे.

पुढे अनेक वर्षे प्रार्थनेला तोच वाजत असे. मग विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी आली आणि हा संगीतवर्गातल्या कपाटावर गेला. एका पावसाळ्यात कपाटावरच्या छताला ओल आली. भोपळ्याला तडा गेला, तबली खचली, दोन तारा तुटून लोंबू लागल्या. महोत्सवाच्या तयारीत निर्लेखनाची यादी निघाली तेव्हा तुटक्या बाकांच्या खाली आणि रंग उडालेल्या पृथ्वीगोलाच्या वर त्याचे नाव होते. यादीवर सह्या होण्यापूर्वी संगीताच्या निवृत्त बाईंच्या कानी ही गोष्ट गेली. त्यांनी दूरध्वनीवर विरोध केला नाही, आठवणीही सांगितल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “खुंट्या तरी काढून ठेवा. तशा शिसवी खुंट्या आता मिळायच्या नाहीत.”

खुंट्या काढून ठेवायच्या तर दांडी का टाकायची, असा प्रश्न पुढच्या सभेत निघाला. कार्यानुभवाच्या सरांनी दांडी आडवी धरून तिच्या लांबीवर डोळा लावून पाहिले. साठ वर्षांत ती वाकलेली नव्हती.

इथे थोडे मिरजेविषयी सांगणे आवश्यक आहे. कारण तंबोरा म्हटला की मराठी माणसाच्या तोंडी मिरजेचे नाव येते, पण ते का, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरज हे पटवर्धनांचे संस्थान होते. शस्त्रे घडवणारी, त्यांना धार लावणारी शिकलगार मंडळी तिथे राहत. इंग्रजी अमलात तलवारींचे काम ओसरले. त्याच सुमारास फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मोइनुद्दीन हे दोघे तंतुवाद्यांकडे वळले. आधी दुरुस्ती आणि त्यातून निर्मिती, असे मिरजेची परंपरा सांगते. पोलादाला धार आणणाऱ्या हातांना कानस नवी नव्हती, हे लक्षात ठेवावे. या कथेच्या शेवटी तिचीच गाठ पडणार आहे. त्यांच्या वंशजांचे आडनावच पुढे सतारमेकर झाले. त्याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले आणि तिथून निघून 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. कैराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि 1937 साली प्रवासात निधन पावल्यावर मिरजेच्याच मातीत, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. खाँसाहेब वाद्यांच्या दुरुस्तीत स्वतः वाकबगार होते. गवई आणि कारागीर एकाच गावात, हाकेच्या अंतरावर राहत होते, ही मिरजेची खरी पुंजी. गवयाने ‘आवाज बसका आहे’ म्हणावे आणि कारागिराने त्याच्यासमोर घोडी उतरवावी, असे तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालले.

शाळेने मिरजेला पत्र घातले आणि जुन्या तंबोऱ्याची छायाचित्रे पाठवली. उत्तर आले ते स्पष्ट होते. भोपळा जोडण्याजोगा राहिलेला नाही. नवा भोपळा, त्याला गळा आणि तबली बसवून, पॉलिश न करता पाठवता येईल. घोडी, तारा, मणी, लंगोट सोबत देऊ. दांडी जोडणे, घासणे, पॉलिश, तारा चढवणे हे काम मात्र तुमच्याकडे कुणी सुताराचा हात असलेला माणूस असेल तर त्याने करावे. वाहतुकीत अखंड तंबोरा फुटण्याची भीती राहत नाही आणि खर्चही कमी येतो. परदेशांत अशी वाद्ये जोडणीच्या सुट्या भागांसह खोक्यातून विकत मिळतात. अमेरिकेतल्या शाळांत तर जाड पुठ्ठ्याच्या पेटीची डल्सिमर मुलेच चिकटवतात आणि तारा लावून वाजवतात. तसलाच हा प्रकार, अशी सर्वांची समजूत झाली. कार्यानुभवाच्या सरांनी नववीचा वर्ग मागून घेतला.

पालकांच्या सभेत यावर नाराजी निघाली, हे सांगायला हरकत नाही. संगणककक्षातली यंत्रे जुनी झाली असताना तंबोऱ्यावर खर्च कशाला आणि भ्रमणध्वनीत फुकट वाजणारा तंबोरा असताना तो हवाच कशाला, असे विचारले गेले. प्रश्न रास्त होते. विजेच्या तंबोऱ्याशी भांडण्याचे कारणही नाही. 1970 च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरला तो प्रथम तयार झाला आणि एकट्याने रियाज करणाऱ्या हजारोंची त्याने सोय केली. तो ओल खात नाही, उतरत नाही, प्रवासात फुटत नाही. फक्त तो सदैव जुळलेलाच असतो. जे कधी बिघडतच नाही ते जुळवायला कुणी शिकत नाही, आणि सूर हलला आहे हे कळणे हाच तर गाण्याचा पहिला धडा. या मुद्द्यावर त्या सभेत एकमत झाले नाही. खर्चाचा अर्धा वाटा 1984 च्या तुकडीने उचलला म्हणून ठराव पुढे गेला.

खोके आले ते फळ्यांचे, गवताने ठासून भरलेले. ते उघडण्यासाठी नववीची मुले मधल्या सुट्टीत जेवायला गेली नाहीत.

भोपळा हातात घेतल्यावर मुलांना पहिले आश्चर्य वाटले ते त्याच्या वजनाचे. पन्नास इंचांच्या आसपास घेर आणि उचलावा तर टोपलीसारखा हलका. हा खाण्याचा भोपळा नव्हे. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याकडे तो वाद्यांसाठीच पिकवतात. तो कडू असतो, पण साल जाड आणि टणक. वेलावर पक्का झाल्यावर तो महिनोन्‌महिने वाळवतात. मग वरचा भाग कापून पाण्यात भिजवतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात, आणि ओला असतानाच तोंडात काटक्या आडव्या घालून त्याला हवा तसा गोल करून पुन्हा वाळवतात. म्हणजे मिरजेच्या कारखान्यात येण्यापूर्वीच त्यात एका शेतकऱ्याचे वर्ष गेलेले असते. भोपळा जर ओबडधोबड निघाला, तर पुढचे कसब वाया जाते. एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, सारखा भोपळा साच्यात घालून का वाढवत नाहीत?” सरांनी त्याला कृषिविज्ञानाकडे पाठवले.

गळा म्हणजे भोपळ्याला दांडीशी सांधणारा लाकडी भाग. भोपळा आणि लाकूड यांचा सांधा हा तंबोऱ्याचा सर्वांत नाजूक सांधा; म्हणून त्यावर लाकडी पाने कोरून चिकटवतात. पाहणाऱ्याला ती शोभेची वाटतात. तंबोऱ्यावरचे बरेचसे अलंकार असेच आहेत, कुठली तरी जोड झाकणारे किंवा धरून ठेवणारे. पांढऱ्या पट्ट्यांच्या नक्षीत पूर्वी हस्तिदंत वापरत. आता तो कायद्याने बंद झाला, हे योग्यच झाले, आणि सेल्युलॉइडच्या पट्टीवर बारीक रेघा कोरून त्यांत काळा रंग भरतात. लाकूड तुणाचे, त्याला लाल देवदार असेही म्हणतात. हलके, तांबूस, सरळ रेघांचे. भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली किंचित फुगीर फळी ती तबली. ती जाड राहिली तर आवाज आतच मुरतो. फार पातळ झाली तर तारांच्या ताणाने घोडीखाली खचते, जशी जुनी खचली होती. हवी ती जाडी मोजपट्टीने ठरत नाही; कारागीर बोटाच्या पेराने तबलीवर टकटक करतो, थोडे तासतो, पुन्हा टकटक करतो. सरांनी मुलांना जुनी तबली आणि नवी तबली आलटून पालटून वाजवायला लावली. दोहोंतला फरक त्यांना लगेच कळला. तो शब्दांत सांगा म्हटल्यावर मात्र वर्ग गप्प झाला.

दांडी जोडायला आठवडा लागला. सरस लावण्यापूर्वी दोन दोऱ्या ताणून दांडी आणि भोपळ्याचा मध्य एका रेषेत आहे की नाही, हे चाळीस मुलांनी चाळीस वेळा पाहिले असेल. जोड वाळेपर्यंत संगीतवर्ग बंद ठेवला. मग घासणे सुरू झाले. जाड काचकागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. लाकडाच्या रेघेच्या आडवे घासू नका, असे बजावूनही एका गटाने आडवे घासलेच. त्या ओरखड्यांची एक जागा तबलीच्या डाव्या कडेला अजून दिसते. आज कुणी ती बोट लावून पाहिली तर हरकत नाही.

पॉलिशची गोष्ट थोडी लांबवून सांगण्यासारखी आहे. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाची पुरचुंडी मऊ फडक्यात बांधायची, तिने लाखेचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि वाळला की दुसरा. एका हातात काही दिसत नाही. दहाव्या-बाराव्या हातानंतर लाकूड आतून उजळल्यासारखे दिसू लागते. मुलांना हे काम अतिशय आवडले, कारण त्यात काम झालेले दिसत होते. दुर्दैवाने तो जुलै होता. एका सोमवारी वर्ग उघडला तर साऱ्या तंबोऱ्यावर पांढुरकी झाक आली होती, जणू आरशावर वाफ धरावी तशी. दमट हवेत लाख वाळताना ओल पकडते आणि पांढरी पडते, हे मिरजेच्या पत्रात लिहिलेले होते. पण पत्राचा तो कागद खोक्यातल्या गवताबरोबर गेला होता. तीन आठवड्यांचे काम स्पिरिटने पुसून काढावे लागले. दोन मुली रडल्या. सरांनी त्यांची समजूत काढली नाही. नवी लाख भिजत घातली आणि कोरडी हवा येईपर्यंत थांबायचे ठरवले. ऑक्टोबरात दुसऱ्यांदा केलेले पॉलिश आज सर्वांसमोर आहे.

खुंट्या निवृत्त बाईंनी सांगितल्याप्रमाणे जुन्याच बसल्या. त्यांना खडू चोळला की त्या घसरत नाहीत, ही युक्ती शाळेत खडूची वाण नसल्यामुळे लगेच साधली. तारा चढल्या. पहिली पंचमाची, मधल्या दोन पोलादी षड्जाच्या, ज्यांना जोड म्हणतात, आणि शेवटची पितळेची खर्जाची. घोडीच्या अलीकडे तारांत ओवलेले मणी वर-खाली सरकवून सूर बारीक मिळवायचा. पेटीवर स्वर धरून सरांनी आणि संगीताच्या सध्याच्या शिक्षिकांनी चारही तारा मिळवल्या. सारा वर्ग भोवती बसला आणि एका विद्यार्थिनीने तारा छेडल्या.

आवाज आला तो लाकडी खोक्यावर ताणलेल्या तारेचा. सूर बरोबर होता, चारही तारा मिळालेल्या होत्या, पण आवाज बद्द. छेडला की संपे. मुले एकमेकांकडे पाहू लागली. खोक्यात आलेला प्रत्येक भाग जागच्या जागी बसला होता. यादीवर प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण होती. तंबोरा तयार होता आणि तंबोरा नव्हता.

तंबोऱ्याची घोडी सतारीसारखीच रुंद असते. व्हायोलिनच्या घोडीसारखी तिला धार नसते. तार तिच्या पाठीवर टेकते आणि कंप पावताना त्या पाठीला पुन्हा पुन्हा स्पर्श करते. ती पाठ सपाटही नसते आणि फार गोलही नसते. तिला डोळ्यांनी जेमतेम दिसेल असा उतार असतो. तो उतार देण्याला जवारी लावणे म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतात. त्यालाच जीवा म्हणतात. दोरा केसभर पुढे-मागे केला की आवाज एकदम उघडतो किंवा मिटतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी इथे एक महत्त्वाची भर घातली. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला होता. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा निस्पंद असतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा यंग यांचा नियम आहे. तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीमुळे ते उपस्वरही वाजू लागतात, असे रामन यांनी दाखवले. पाश्चात्त्य वाद्यांना लागू पडणारा नियम मिरजेची घोडी पाळत नाही, हे कळल्यावर वर्गाला फारच आनंद झाला. नियम मोडणाऱ्यांविषयी त्या वयात आदर असतोच.

पण ज्ञान झाले म्हणून जवारी लागली नाही. सरांनी घोडी उतरवली आणि कानशीने स्वतः घासून पाहिली. दुसऱ्या दिवशी तार बाटलीत अडकलेल्या माशीसारखी भणभणू लागली. आणखी थोडी घासली, भणभण गेली आणि आवाजही गेला. सरांच्या हाताखालून या शहरातल्या निम्म्या सुतारकामाच्या दुकानांचे मालक गेले आहेत. त्यांच्या हाताला दोष देता येणार नाही. हातात होते ते कानात नव्हते, असे त्यांनीच नंतर वर्गाला सांगितले. शिक्षकाने विद्यार्थ्यांसमोर हे म्हणणे ही त्या वर्षातली मोठी घटना होती, असे अनेक पालक आजही मानतात.

मिरजेचे कारागीर वर्षातून काही वेळा हत्यारांची पिशवी घेऊन गावोगावच्या गवयांकडे, संगीतशाळांकडे फिरतात. असे एक वयस्क कारागीर डिसेंबरात या शहरात येणार असल्याचे समजले आणि त्यांना शाळेत बोलावले. मुले त्यांना चाचा म्हणू लागली. संगीतवर्गात येऊन त्यांनी आधी पंखा बंद करायला सांगितला, मग खिडक्या. भोपळ्यावर थाप मारून म्हणाले, “भोपळा चांगला दिलाय.” जोड पाहिली, पॉलिश पाहिले, आडव्या ओरखड्यांवर बोट फिरवले आणि काही बोलले नाहीत. घोडी पाहिल्यावर मात्र सरांकडे वळून म्हणाले, “मास्तर, घासलीत ना?” सरांनी मान डोलावली. “घासतात सगळे,” असे म्हणून त्यांनी पिशवीतून कानस काढली.

मग जवळजवळ तीन तास त्या खोलीत कानशीच्या आवाजाखेरीज काही नव्हते. दोन-चार हात फिरवायचे, घोडी बसवायची, तार ओढायची, ऐकायचे, पुन्हा उतरवायची. घोडीकडे ते क्वचितच पाहत. नजर समोरच्या भिंतीवर असे. मधल्या विश्रांतीत चहा घेताना मुलांनी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की हे त्यांना कुणी शिकवले नाही. लहानपणी वडिलांपाशी बसून वर्षानुवर्षे ऐकावे लागले, आणि एके दिवशी वडील ‘बास’ म्हणण्याआधी त्यांच्या मनात ‘बास’ आले. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. नातू हुशार आहे, गणितात पहिला येतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा त्यांना अभिमान होता. मानांकनामुळे मिरजेच्या नावाची नक्कल थांबवता येते. कानशीपाशी बसायला मुलगा मात्र त्याने मिळत नाही, आणि पोटाला पुरेसे मिळाल्याखेरीज मुलाने बसावे तरी का, हेही खरेच. चाचांनी याची तक्रार केली नाही. आणखी एक बिस्कीट मागून घेतले.

घोडी मनासारखी झाल्यावर त्यांनी दोरा मागितला. त्यांच्याजवळची गुंडी संपलेली होती. शिवणवर्गातून पांढरा दोरा आणला. तो त्यांनी नाकारला. दुसरा आणला, तोही चकचकीत होता. शेवटी एका मुलीने गजऱ्याचा दोरा सोडून दिला आणि तो त्यांना पसंत पडला. पहिल्या तारेखाली त्यांनी स्वतः दोरा सरकवला. तार अचानक बोलू लागली. दुसरीही त्यांनी लावली. तिसऱ्या तारेला ते थांबले आणि गजऱ्याच्या मुलीला पुढे बोलावले. “बेटा, तू लाव. बोटाकडे बघू नकोस.”

ही मुलगी सहावीत या शाळेत आली. तिचे वडील इथल्या बांधकामांवर फरशी बसवतात. घरची बोली मराठी नाही. मराठी ती शाळेत शिकली, आणि प्रार्थनेत तिचा सूर कधी हलत नाही, एवढेच तिच्याविषयी सर्वांना ठाऊक होते. तिने दोरा तारेखाली घातला. पुढे सरकवला, आवाज मिटला. मागे घेतला, तार भणभणली. पुन्हा पुढे. दोन-तीन मुले हसली. चाचांनी हात वर केला आणि हसू थांबले. ती इतकी सावकाश दोरा ओढत होती की तो हलतो आहे हे दिसत नव्हते. मग तार उघडली. चाचा काही बोलायच्या आधी तिने बोट काढून घेतले.

चौथी, खर्जाची तार तिनेच लावली. तिला वेळ लागला. ती लागल्यावर चाचांनी चारही तारा छेडायला सांगितल्या आणि वर्गाला विचारले, “कुणाला गांधार ऐकू येतो?” तंबोऱ्यावर गांधाराची तार नाही, हे मुलांना पाठ होते. त्यांना वाटले, चाचा फिरकी घेत आहेत. खर्जाच्या कंपनसंख्येच्या पाचपट कंपनांचा उपस्वर म्हणजे गांधार. जवारी नीट लागली आणि तारा चोख मिळाल्या की तो आपोआप ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे फळ्यावर लिहून दाखवले, पण ते नंतर. त्या क्षणी खोली शांत होती. प्रथम एकाने हात वर केला, मग चौघांनी. काहींनी शेजाऱ्याचा पाहून वर केला असणार. कार्यानुभवाचे सर मागच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. त्यांनी हात वर केला नाही. पाच-सात मिनिटांनी, तारा वाजतच असताना, “हां,” एवढाच त्यांचा आवाज आला.

संध्याकाळी निवृत्त बाईंना दूरध्वनी लावून तंबोरा ऐकवला. त्यांनी बराच वेळ ऐकले आणि पंचम थोडा उतरला आहे, असे सांगितले. तो खरोखरच उतरला होता.

चाचांनी आपली मजुरी मोजून घेतली, पावती दिली. जाताना सांगून गेले की तारेच्या घासणीने घोडीवर खाचा पडतात, जवारी बसते. रोज वाजवलात तर दीड-दोन वर्षांत पुन्हा लावावी लागेल. न वाजवलात तर मात्र लावायची गरज नाही, असेही ते पिशवी खांद्यावर घेताना म्हणाले. ते हसत म्हणाले की गंभीरपणे, यावर शिक्षककक्षात अजून वाद आहे.

सध्या प्रार्थनेपूर्वी दहा मिनिटे नववीतल्या, आता दहावीत गेलेल्या, तीन मुली संगीतवर्गात येतात आणि तारा मिळवतात. हवा बदलली की दोरा हलवावा लागतो. गजऱ्याचा दोरा कुजला. आता त्याच जातीच्या दोऱ्याची एक गुंडी कपाटात आहे. पेटी शेजारीच ठेवलेली असते आणि परीक्षेच्या दिवसांत तीच वाजते. दहावीच्या मुली मार्चमध्ये शाळा सोडतील, म्हणून सातवीतल्या दोघी त्यांच्यापाशी बसायला लागल्या आहेत. त्या अजून तारांना हात लावत नाहीत.

नोंदवहीत तंबोऱ्याचा जुना क्रमांक कायम ठेवला आहे. निर्लेखनाच्या यादीतील त्याच्या नावावर लाल शाईची रेघ आहे. आणि येत्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात, किरकोळ दुरुस्ती या शीर्षाखाली, ‘जवारी’ म्हणून एक छोटी रक्कम प्रथमच दाखवली आहे. लेखापरीक्षकांनी हा शब्द काय आहे, असे विचारले आहे.